अंगणातला ट्रॅक्टर आणि साहेबांचे एमबीए

महेश एलकुंचवार यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे. त्यांच्या 'वाडा चिरेबंदी'त एक ट्रॅक्टर आहे. तो वाड्याच्या अंगणात गंजत पडला आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ठेचकाळायला लावण्यापलीकडे त्याचा कुणाला उपयोग नाही. तो दारात आला त्या दिवशी मात्र आता आपण नव्या काळात पाऊल टाकले, असे त्या घराला वाटले असणार. वर्गात हे नाटक शिकवताना आम्ही या ट्रॅक्टरविषयी वर्षानुवर्षे तेच बोलत आलो: मोडकळीला आलेले सरंजामी घर, उसनी आधुनिकता, वगैरे. अलीकडे तो आम्हांला भलत्याच अंगणात उभा दिसू लागला आहे.

झाले असे की अकरावी-बारावीला आमच्याकडे मराठी शिकलेली मुले आता चाळिशी ओलांडून साहेब झाली आहेत. कुणी लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे, कुणी वणीच्या कोळसापट्ट्यात, कुणी मुकुटबनच्या सिमेंटमध्ये, कुणी सहकारी बँकेत, तर कुणी जिनिंग-प्रेसिंगमध्ये. व्यवस्थापक झाले, पण सरव्यवस्थापक होताना गाडी अडते. मग कुणीतरी सांगते, एक्झिक्युटिव्ह एमबीए करून टाक. प्रवेशअर्जात एक निबंध लिहायचा असतो: तुम्हांला हा अभ्यासक्रम का करायचा आहे? निबंध म्हटला की जुने मास्तर आठवतात, आणि हे साहेब कागद घेऊन आमच्या दारी येतात.

असे बरेच निबंध आम्ही वाचले. सगळे एकाच माणसाने लिहिल्यासारखे आहेत. प्रत्येकात नेतृत्व आहे, परिवर्तन आहे, व्यूहात्मक दृष्टी आहे. कपाशी नाही, कोळसा नाही, एकही माणूस नाही. एका जिनिंगच्या व्यवस्थापकाला आम्ही कागद बाजूला ठेवायला लावले आणि विचारले, "मराठीत सांग, तुला नेमके काय येत नाही?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, सरकीचा भाव पडला की काय होतं ते मला कळतं. पण यंदा गाठी धरून ठेवू नका, हे मालकांना कसं पटवायचं ते येत नाही. आणि त्यांनी ऐकलं नाही, तोटा झाला, की कोणती माणसं कमी करायची ती यादी मात्र मलाच करावी लागते."

एक्झिक्युटिव्ह एमबीएची निवड कशी करावी, याविषयी आमचे सगळे म्हणणे या तीन-चार वाक्यांत आले आहे. ज्याला आपला प्रश्न सांगता येतो त्याने अभ्यासक्रम निवडावा. ज्याला तो सांगता येत नाही, त्याच्यासाठी अभ्यासक्रम निवडण्याचे काम जाहिरात करते, आणि घेतलेली पदवी अंगणात उभी राहते.

आता समोरची बाजू ऐकून घेऊ. ती म्हणते, साहित्याच्या मास्तरांनी यात पडू नये. नोकरीच्या बाजारात संस्थेचे नाव चालते, प्रश्नबिश्न कुणी विचारत नाही. हे खरे आहे, आणि ते आम्ही नाकारत नाही. मुंबई-पुण्याच्या मोठ्या कंपनीत उडी मारायची असेल तर मोठ्या नावाचा उपयोग होतो. यवतमाळ सोडून जाण्याला आमचा आक्षेपही नाही. ज्या जिल्ह्यातून शिकलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या बाहेर जात आली, तिथे एकट्या चाळिशीतल्या बापावर राहण्याची सक्ती कोण करणार? पण मग त्याला प्रवासाचे तिकीट म्हणावे आणि तिकिटासारखेच निवडावे: कुठे जायचे आहे, किती लागतील, तिथे उतरल्यावर कोण घ्यायला येणार आहे. तिकिटाला ज्ञान म्हणून विकत घेण्यात आणि मग ज्ञान मिळाले नाही म्हणून कष्टी होण्यात काय हशील?

विकत घेताना तरी माणसाने नीट वाचावे, तर तेही होत नाही. पदवी, पदविका आणि प्रमाणपत्र या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. २०१७चा आयआयएम कायदा २०१८च्या जानेवारीअखेर लागू झाल्यानंतर या संस्थांना पदवी देता येऊ लागली. त्याआधी त्या पदविका देत. आजही त्याच नामांकित संस्था एका बाजूने दोन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम चालवतात, तर दुसऱ्या बाजूने काही महिन्यांचे ऑनलाइन प्रमाणपत्र देतात. माहितीपत्रकावर बोधचिन्ह एकच असते. २०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोग आणि तंत्रशिक्षण परिषद या दोघांनाही इशारा द्यावा लागला होता, की शिक्षण-तंत्रज्ञानाच्या कंपन्यांशी फ्रँचायझीचे करार करून असे अभ्यासक्रम चालवण्याला मान्यता नाही. हा इशारा कुणासाठी होता? कोळशाच्या खाणीत शेकडो कोटींची निविदा ओळीओळीने तपासणारा अधिकारी स्वतःच्या दोन वर्षांची आणि कित्येक लाखांची निविदा मात्र फोनवरच्या गोड आवाजावर मंजूर करतो, त्याच्यासाठी.

वेळेचेही तेच. १९४३ साली शिकागो विद्यापीठाने नोकरीतल्या अधिकाऱ्यांसाठी पहिला एक्झिक्युटिव्ह एमबीए सुरू केला, तेव्हाची मूळ कल्पनाच अशी होती की माणसाने काम न सोडता शिकावे, सकाळी कामावर जे दिसले ते संध्याकाळी वर्गात न्यावे आणि वर्गातले परत कामावर आणावे. अहमदाबादने २००६ साली सुरू केलेला अनुभवी लोकांसाठीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्णवेळ आहे, म्हणजे नोकरी सोडून करायचा. तो वेगळा मार्ग झाला. यवतमाळच्या माणसाला आता नागपूर जवळ आहे. २०१५पासून तिथे आयआयएम आहे आणि अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. पण जिनिंगचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. बँकेचा आणि खाणीचा मार्च कुणाला चुकत नाही. ज्या अभ्यासक्रमाचे निवासी आठवडे डिसेंबरात आणि परीक्षा मार्चात, तो या माणसांसाठी आखलेलाच नाही. मानांकनाच्या यादीत कुणाचा क्रमांक कितवा हे त्यांना तोंडपाठ असते, वेळापत्रक मात्र प्रवेशाचे पैसे भरल्यावर उघडले जाते.

इथवरचे कुणी हिशेबी माणूसही सांगेल. साहित्याच्या वाचकाने सांगायचे ते पुढे आहे. व्यवस्थापनाच्या वर्गात 'केस' नावाचा एक गद्यप्रकार वाचतात. १९६१ साली अहमदाबादची संस्था हार्वर्डच्या सहकार्याने उभी राहिली, तेव्हापासून ही पद्धत आपल्याकडे रुजली. केस ही कथाच असते. तिला नायक असतो, पेचप्रसंग असतो, शेवट उघडा असतो. कार्यालयाच्या खिडकीतून बाहेर बघणारा अधिकारी, टेबलावर अहवाल, उद्या सकाळी बैठक. आता त्याने काय करावे? पद्धत म्हणून ही उत्तम आहे, नुसत्या व्याख्यानांपेक्षा कितीतरी उत्तम. पण कथा म्हटली की आपण वर्गात पहिला प्रश्न कोणता विचारतो? ही कुणाच्या नजरेतून सांगितली आहे? केसमध्ये नजर नेहमी खिडकीच्या आतल्या माणसाची असते. बाहेरच्या माणसांना मिळून एक शब्द असतो, 'हितसंबंधी घटक', आणि त्या शब्दाला तोंड नसते.

आमच्या जिल्ह्यातली एक केस घ्या. २०१७च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात पडले. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, बोंडअळीची धास्ती, दमट उकाडा, एकात एक मिसळलेली औषधे, अंगावर साधा सदरा, नाकाला फार तर रुमाल. आता ही गोष्ट खिडकीच्या आतून लिहा. औषध बनवणारी कंपनी आहे, तिचा प्रादेशिक विक्री व्यवस्थापक आहे, त्याला विक्रीचे लक्ष्य आहे, त्याखाली वितरक, त्याखाली कृषी सेवा केंद्राचा दुकानदार. आणि हा दुकानदारच गावातला प्रत्यक्ष कृषी सल्लागार, कारण उधारी त्याच्याकडे असते. डब्यावर इशारा छापलेला असतो, बारीक अक्षरांत. कायद्याच्या दृष्टीने प्रत्येकाने आपापले काम केले असे म्हणता येते. ज्याच्या पाठीवर पंप होता तो रोजंदारीवरचा मजूर या साखळीत कुठेच बसत नाही, कारण तो ग्राहकही नाही. ग्राहक शेताचा मालक. व्यवस्थापनाचा याहून कठीण, याहून खरा धडा कोणता? वितरण, प्रोत्साहनभत्ता, माहितीची विषमता, उत्तरदायित्व, सगळे प्रकरणे पाडून इथे मांडून ठेवले आहे.

म्हणून आम्ही त्या जिनिंगच्या व्यवस्थापकाला सांगितले की संस्था निवडताना तिच्या प्राध्यापकांना एवढेच विचार: तुमच्या वाचनात माझ्या हंगामाची, माझ्या मालकाची, माझ्या यादीतल्या माणसांची एखादी गोष्ट आहे का? नसेल तर मी ती वर्गात आणली तर चालेल का? आणि माझ्या शेजारी कोण बसणार आहे? सगळा वर्ग एकाच धंद्यातला असेल, तर दोन वर्षे माणूस आरशासमोर बसून येतो. परत आल्यावर आपल्या कचेरीत एखादा निर्णय तरी वेगळा घेण्याची मुभा मिळणार का, हे मालकाला आधीच विचारावे. ती मुभा नसेल तर जगातली कुठलीही पदवी त्या घरात चालणार नाही. वाड्यातल्या ट्रॅक्टरचे दुखणे त्याच्या यंत्रात नव्हते.

व्यवस्थापनशिक्षण म्हणजे मुळातच भांडवलाची चाकरी, असे म्हणणारे आमचे साहित्यिक मित्र इथे खूश होत असतील. त्यांनी जरा थांबावे. अहमदाबादच्या आयआयएमचे पहिले पूर्णवेळ संचालक रवी मथाई १९७२ साली पद सोडून त्याच संस्थेत साधे प्राध्यापक म्हणून राहिले, आणि १९७५पासून राजस्थानातल्या जवाजा भागात विणकर आणि चर्मकारांबरोबर काम करू लागले. व्यवस्थापनाची विद्या गरिबांच्या हाती देता येते का, हा त्यांचा प्रश्न होता. १९७९ साली आणंदला वर्गीस कुरियन यांच्या पुढाकाराने ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था उभी राहिली. पुण्यात सहकाराच्या व्यवस्थापनासाठी वैकुंठ मेहता संस्था १९६७पासून आहे. ज्या महाराष्ट्रात सहकाराचे इतके नाव, तिथल्या सहकारी बँकेच्या अधिकाऱ्याच्या यादीत ही संस्था आम्हांला अजून एकदाही दिसलेली नाही. दोष विद्येचा नाही. तिच्यात दोन्ही वाटा आहेत. जाहिरात एकाच वाटेची होते.

आणि आपले काय? २०१९च्या जानेवारीत यवतमाळला ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण विरोधाच्या धमकीनंतर मागे घेण्यात आले. महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. शेवटी शेतकरी आत्महत्येने वैधव्य आलेल्या वैशाली येडे यांच्या हस्ते उद्घाटन झाले. आपण त्यावर अविष्कारस्वातंत्र्याचे पुष्कळ लेख लिहिले, ते आवश्यकही होते. पण एक साधा प्रश्न आपण फारसा विचारला नाही: धमकी आली तेव्हा निर्णय घेण्याचा अधिकार कुणाचा होता, आणि अशा वेळी काय करायचे हे आधी कुणी ठरवून ठेवले होते का? हा प्रश्न व्यवस्थापनाचा आहे. संस्था चालवणे म्हणजे कारकुनी, असे मानणाऱ्यांच्या संस्था पहिल्या धमकीला वाकतात. साहेबांच्या निबंधात माणूस नसतो म्हणून आपण हसतो. आपल्या निबंधांत संस्था नसते.

आपल्या वाङ्मयातही पाहा. मजूर आहे, शेतकरी आहे, कारकून तर पानोपानी आहे. पण ज्याच्या सहीने वीस माणसांचे काम जाते आणि ज्याला त्या रात्री झोप लागत नाही, तो माणूस आपल्याकडे बहुधा खलनायक म्हणून येतो किंवा येतच नाही. मग त्याने स्वतःविषयी लिहायला भाषा आणावी कुठून? आपण ती दिली नाही, म्हणून तो माहितीपत्रकातली उचलतो. त्याच्या भाषेला नाक मुरडणे सोपे आहे. एम.ए.च्या वर्गात एक केस आणून तिचा निवेदक कोण, वगळलेले पात्र कोणते, हे मुलांना विचारणे तुलनेने कष्टाचे. यंदापासून आम्ही ते करणार आहोत. सुरुवात फवारणीपासून.

त्या व्यवस्थापकाने निबंध पुन्हा लिहून आणला. पहिल्याच वाक्यात सरकी आहे, तिसऱ्यात यादी. इंग्रजी थोडे ओबडधोबड झाले आहे. ते आम्ही तसेच राहू दिले. अर्ज त्याने एकाच ठिकाणी केला आहे, आणि तिथले वेळापत्रक आधी मागवून घेतले आहे. मालकांशी बोलणे अजून व्हायचे आहे. ते त्याने दिवाळीपूर्वी, हंगाम सुरू होण्याच्या आत उरकावे, असे आम्ही त्याला बजावले आहे.