पुढचा ब्रेक लागतो का, तपासून पाहिलंत?

मुलगा पहिल्यांदा मोटारसायकलवर बसतो तेव्हा घरातली वडीलधारी माणसं हमखास एक नसीहत देतात, "बेटा, पुढचा ब्रेक दाबू नकोस, पडशील." ही भीती अगदीच खोटी नाही. वाळूवर किंवा हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक एकदम आवळला, तर चाक घसरते. पण मग मुलगा पायाच्या ब्रेकवरच गाडी चालवायला शिकतो आणि पुढचा ब्रेक निकामी झाला तरी त्याला पत्ता लागत नाही.

धावती बस अचानक थांबली की उभे प्रवासी पुढे झुकतात. मोटारसायकलचेही तसेच. ब्रेक लावताच भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके होते. म्हणून कोरड्या रस्त्यावर गाडी थांबवण्याचे निम्म्याहून बरेच जास्त काम पुढचा ब्रेक करतो. मागे बायको, मधे मूल आणि हँडलला पिशवी असेल, तर त्याची गरज आणखी वाढते. हँडल सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकत्र लावावेत आणि पुढचा हळूहळू दाबत न्यावा, ही खरी पद्धत.

ब्रेक एका दिवसात कमजोर होत नाही. रोज थोडा थोडा होतो आणि हाताला त्याची सवय होत जाते. म्हणून महिन्यातून एकदा मोकळ्या मैदानात, सरळ आणि कोरड्या जागी, अगदी कमी वेगात फक्त पुढचा ब्रेक लावून पाहावा. गाडी रेंगाळत थांबली तर कारण शोधावे.

ड्रम ब्रेक असेल तर आधी लिव्हर पाहा. ब्रेक पकडण्याआधी लिव्हर साधारण १० ते २० मिलिमीटर सैल फिरायला हवा. तो मुठीला टेकत असेल, तर चाकाजवळचा नट आवळून खेळ कमी करता येतो. नंतर चाक उचलून फिरवा; ते अडकता कामा नये. लिव्हर जड लागत असेल तर वायर सुकली किंवा आत तुटत आली असेल. ती बदलणे स्वस्तात होते. बऱ्याच गाड्यांच्या ड्रमवर बाणाची खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण ठरलेल्या रेषेपर्यंत पोहोचला, तर लायनर संपले. अशा वेळी काही जण ड्रमवरची दांडी काढून एक दाता मागे बसवतात. लिव्हर ताठ होतो, पण लायनर संपलेलेच राहते. मेकॅनिकला असे करू देऊ नका. लायनर वर चकचकीत झाले असेल तर हलके पॉलिश पेपर मारून चालते. ग्रीस लागून भिजलेले लायनर मात्र बदलावेच लागते. आतली भुकटी तोंडाने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा.

डिस्क ब्रेकमध्ये दुखणे कुठे आहे, ते हाताला कळते. लिव्हर स्पंजासारखा दबत असेल तर नळीत हवा शिरली आहे. ती काढून घ्यावी लागते. दाबून धरलेला लिव्हर हळूहळू खाली बसत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा वरच्या पंपातले रबर गेले आहे. अशी गाडी चालवूच नका. लिव्हर कडक लागतो पण गाडी थांबत नाही, तेव्हा पॅडला तेल लागलेले असते, पॅड चकचकीत झालेले असतात किंवा कॅलिपरच्या पिना अडकलेल्या असतात. साखळीला तेलाचा फवारा मारताना किंवा गाडीला पॉलिश करताना डिस्क झाकावी, ती यासाठीच.

'ब्रेक ऑइल' हे नावच फसवे आहे. डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असे लिहिलेले असते, तेच वापरावे. इंजिन ऑइल टाकले तर आतले सगळे रबर फुगून खराब होते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. त्यामुळे घाटात ब्रेक तापला की आत वाफ होते आणि लिव्हर पोकळ होतो. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे. ते रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवा. डबीतली पातळी उतरली असेल तर नुसते वरून भरू नका. पॅड झिजले आहेत की गळती आहे, ते आधी पाहा.

१ एप्रिल २०१९पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना सीबीएस किंवा एबीएस आणि त्याहून मोठ्यांना एबीएस सक्तीचे झाले. सीबीएसमध्ये पायाचा, स्कूटरवर डाव्या हाताचा ब्रेक दाबला की थोडा जोर पुढच्या चाकालाही जातो. अशा गाडीचा नट फिरवण्याआधी पुस्तिका वाचा.

नवे पॅड किंवा लायनर बसवल्यावर पहिले काहीशे किलोमीटर ब्रेक पूर्ण ताकदीने पकडत नाही. तेवढे दिवस पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवा आणि गाडी गॅरेजमधून आणताना गल्लीतच एकदा ब्रेक लावून पाहा. मुलांना मागे बसवायचे ते त्यानंतर.