त्रिसरण तोंडपाठ, पण धडा वाचता येत नाही

कौंडण्यपूरहून एका भगिनीचे पत्र आले आहे. मुलगा तिसरीत. विहारात त्रिसरण-पंचशील खणखणीत म्हणतो, आईच्या मजुरीचा हिशेब तोंडी करतो. पण पुस्तक उघडले की त्याला घाम फुटतो. सोबतची मुले 'ढ' म्हणून चिडवतात. वडील म्हणतात, काढा शाळेतून, शेळ्या तरी राखील. आता कोणी 'मेंदूच्या व्यायामाचा' वर्ग सुचविला आहे. संगणकावर खेळ खेळून स्मरणशक्ती वाढवायची, की वाचन आपोआप सुधारते म्हणे! फी भरायला कापूस वेचणीचे सारे पैसे जातील. भरू का, असे त्या विचारतात.

ताई, भरू नका. मेल्बी-लेरवाग आणि ह्यूम या संशोधकांनी २०१३ साली अशा सरावाचे अनेक प्रयोग एकत्र तपासले. मूल त्या खेळात तरबेज होते, पण ते कसब वाचनात उतरत नाही, असे त्यांना आढळले. वाचन सुधारते ते अक्षर आणि ध्वनी यांची गाठ पक्की केल्याने.

ही गाठच काही मुलांत सैल असते. तिला डिस्लेक्सिया म्हणतात. बुद्धीशी तिचा संबंध नाही. १८९६ साली इंग्लंडच्या डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिकत लिहिली. गणितात हुशार, पण वाचन येईना. आपल्या मुलांना 'ढ' ठरवायला तर जग पिढ्यान्‌पिढ्या टपलेलेच आहे. घरच्यांनी तरी तो शब्द उच्चारू नये.

मात्र अडखळणारे प्रत्येक मूल डिस्लेक्सियाचे नसते. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. कामासाठी गाव सोडल्याने शाळा बुडली होती काय, तेही आठवा.

आता घरचा अभ्यास. रोज पंधरा-वीस मिनिटे, मार नाही, ओरडणे नाही. प्रथम पुस्तकाशिवाय: 'भीमराव' म्हणा आणि टाळी वाजवीत तोडा, भी-म-रा-व. 'भी' काढला तर काय उरले? मग तीच अक्षरे पाटीवर. घ-ध, भ-म अशा फसव्या जोड्या एकाच दिवशी शिकवू नका. एक पक्के झाले की दुसरे. आपल्या लिपीच्या खोडीही ध्यानात घ्या. 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते, उच्चार मात्र नंतर. 'धर्म' मधला र 'म' च्या डोक्यावर बसतो, पण उच्चारतो आधी. 'क्रम' मध्ये तो पायाशी, 'राष्ट्र' मध्ये आणखी निराळा! मोठ्यांना हे जाणवतही नाही. या मुलांना प्रत्येक रूप वेगळे, बोटाने गिरवीत, मोठ्याने म्हणत शिकवावे लागते. आईला वाचता येत नसेल तर विहारातल्या कॉलेजच्या मुलामुलींनी हे काम अंगावर घ्यावे. वाचनासाठी वंदनेचे पुस्तक मात्र देऊ नका; पाठ असल्याने तो न वाचताच म्हणून टाकील.

दोन-तीन महिन्यांत फरक दिसला नाही तर अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात तपासणीची चौकशी करा. महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती देण्याची सुरुवात १९९६ साली झाली. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात या अडचणीचा स्पष्ट समावेश आहे. प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सोयी मागता येतात. तो हक्क आहे, उपकार नव्हे. शाळेला अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

शेळ्यांचे म्हणाल तर वडिलांना सांगा, त्या रविवारी राखू दे.