माकड कोणाचे?

कार्लटन आणि ग्रॅनडा या ब्रिटिश माध्यमसमूहांची ‘आयटीव्ही डिजिटल’ ही दूरचित्रवाणी सेवा मार्च २००२ मध्ये प्रशासकांच्या ताब्यात गेली. फुटबॉल सामन्यांच्या हक्कांसाठी कबूल केलेले ३१ कोटी ५० लाख पौंड तिला झेपले नाहीत. मेमध्ये पडदे काळे झाले आणि मागे उरले एक लोकरीचे माकड.

विनोदवीर जॉनी वेगासबरोबर जाहिरातींत झळकणाऱ्या या बाहुल्याने कंपनीपेक्षा जास्त माया मिळवली होती. दिवाळे निघताच त्याला दोन धनी फुटले. पात्र आमच्या डोक्यातले, हा ‘मदर’ या जाहिरात संस्थेचा दावा; ते कंपनीच्या मालमत्तेत मोडते, हा देणी निस्तरणाऱ्यांचा. तंटा मिटेपर्यंत माकड पेटीबंद! शेवटी हक्क ‘कॉमिक रिलीफ’ या धर्मादाय संस्थेला देण्याची तोड निघाली आणि २००७ मध्ये माकड वेगाससह ‘पीजी टिप्स’ चहा विकू लागले. या चहाच्या जाहिरातींत पूर्वी खरे चिंपांझी असत. त्यांच्या बाजूने दावा लावायला कोणी नव्हते.

अमेरिकेत ‘पेट्स डॉट कॉम’ २००० मध्ये बुडाली. तिच्या मोज्याच्या कुत्र्याचे हक्क दोन वर्षांनी वाहनकर्ज देणाऱ्या एका कंपनीने सव्वा लाख डॉलरना उचलले. दुकान बुडते, बाहुले तरते.

आपल्याकडे काय? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून केलेली कलाकृती मालकाची. पैसे मोजून करवून घेतलेले छायाचित्र, रंगचित्र किंवा चित्रपट करवून घेणाऱ्याचा. बाहुले ज्यात मोडू शकते ते शिल्प मात्र या यादीत नाही. म्हणजे स्वतंत्र बाहुलीकाराने घडवलेले बाहुले, लेखी हस्तांतर नसेल तर, मूळ त्याचेच. त्यातही गुंता आहेच: रेखाटन एजन्सीचे, बाहुले कारागिराचे, आवाज तिसऱ्याचा आणि ब्रँडचे नाव चौथ्याचे असू शकते. म्हणून पहिला टाका पडण्याआधीच कागद व्हायला हवा. एजन्सीचा छापील नमुना पुढे आला की सही ठोकून मोकळे होणे कलावंताला परवडणारे नाही.

हस्तांतराच्या कागदावर मुदत नसेल, तर कायदा ते पाचच वर्षांचे धरतो. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी घडवलेला आणि बोलता केलेला लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससा घराघरांत त्याहून कितीतरी अधिक काळ राहिला.