किटलीत काय होते, हे कोणी पाहिले?

इतिहास किती आणि कल्पित किती, हा प्रश्न ऐतिहासिक कादंबरी शिकवताना आम्ही वर्गात दरवर्षी विचारतो. पडद्यावरच्या ऐतिहासिक नाट्याला मात्र तो तितक्या काटेकोरपणे विचारला जात नाही. वेशभूषा अचूक आहे, खाणकामगारांची घरे हुबेहूब उभी राहिली आहेत, बोलीचा लहेजा साधला आहे, एवढ्यावर समीक्षा समाधान मानते. ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीने २०१६ साली दोन भागांत दाखवलेल्या ‘डार्क एंजल’ या मालिकेच्या निमित्ताने हा प्रश्न नव्याने मांडावासा वाटतो. कारण येथे कल्पिताचा संबंध केवळ रंजनाशी नाही, फाशी गेलेल्या एका स्त्रीच्या अपराधाशी आहे.

ही स्त्री म्हणजे मेरी ॲन कॉटन. जन्म १८३२, इंग्लंडच्या ईशान्येकडील डरहॅम परगण्यातला. एकामागून एक तिचे तीन पती, एक प्रियकर, तिची स्वतःची बहुतेक मुले, सावत्र मुले आणि आई मरण पावली. वीसच्या आसपास मृत्यूंचा संशय पुढे तिच्यावर घेतला गेला. न्यायालयात मात्र एकच खून सिद्ध झाला: जुलै १८७२ मध्ये वेस्ट ऑकलंड येथे मरण पावलेला सात वर्षांचा सावत्र मुलगा चार्ल्स एडवर्ड. विष होते सोमल. २४ मार्च १८७३ रोजी डरहॅमच्या तुरुंगात तिला फाशी देण्यात आले. अखेरपर्यंत तिने गुन्हा कबूल केला नाही.

ग्वेनेथ ह्यूज यांची पटकथा आणि ब्रायन पर्सिव्हल यांचे दिग्दर्शन असलेली ही मालिका गुन्हेशास्त्रज्ञ डेव्हिड विल्सन यांच्या पुस्तकावर आधारलेली आहे. तिचे गुण आधी नोंदवले पाहिजेत. ‘डाउनटन ॲबी’मध्ये सोशिक, प्रामाणिक दासी ॲना साकारणाऱ्या जोॲन फ्रॉगॅट हिला मेरी ॲनच्या भूमिकेत उभे करणे ही मोठी धूर्त निवड होती. ज्या चेहऱ्यावर प्रेक्षकाने विश्वास टाकायची सवय लावून घेतलेली असते, त्याच चेहऱ्याने त्याला फसवायचे, हा डाव उत्तम साधला आहे. शिवाय ही बाई जन्मजात राक्षसीण म्हणून अवतरत नाही. दारिद्र्य, लागोपाठची बाळंतपणे, दगावणारी मुले, कमावत्या पुरुषावर संपूर्ण अवलंबून असलेले आयुष्य, हे सारे मालिका सहानुभूतीने दाखवते. पहिला पती विल्यम मोब्रे वारल्यावर विमा कंपनीकडून ३५ पौंड मिळाले. मजुराच्या घरात ही रक्कम केवढी असेल, याची जाणीव प्रेक्षकाला होते.

आमचा आक्षेप याच्या पुढे सुरू होतो. मालिकेची मध्यवर्ती प्रतिमा चहाच्या किटलीची आहे. सोमल किटलीत पडतो, चहा ओतला जातो, प्रेमळ शब्दांसह पेला रुग्णाच्या ओठांशी जातो. कॅमेरा हे सर्व जवळून पाहतो आणि आपणही पाहतो. पण प्रत्यक्षात हे कोणीच पाहिले नव्हते. किटलीत काय पडले, कोणत्या हाताने, कितव्या दिवशी, याचा एकही साक्षीदार खटल्यात नव्हता. कथनमीमांसेच्या भाषेत सांगायचे तर पटकथेने येथे सर्वज्ञ निवेदक नेमला आहे. न्यायालयाला जे ज्ञान नव्हते, ते या निवेदकाने प्रेक्षकाला बहाल केले आहे. शिवाय ‘सत्यघटना’ हा शिक्का असल्यामुळे त्या ज्ञानाला कल्पिताची सूट मागावी लागत नाही.

न्यायालयासमोर काय होते, हे पाहिले म्हणजे हानी किती झाली ते कळते. चार्ल्सला अनाथाश्रयगृहात ठेवता येईल का, अशी विचारणा मेरी ॲनने टॉमस रायली या स्थानिक अधिकाऱ्याकडे केली होती. पोराचा अडथळा फार दिवस राहणार नाही, अशा अर्थाचे ती काही बोलल्याचे रायलीने सांगितले. थोड्याच दिवसांत मुलगा गेल्याचे ऐकून त्याने संशय व्यक्त केला. तरीही मरणोत्तर चौकशीत प्रथम ‘नैसर्गिक मृत्यू’ असाच निष्कर्ष निघाला. डॉ. किलबर्न यांनी पोटातील अंश जपून ठेवले होते. त्यांची नंतर परीक्षा केल्यावर सोमल सापडला आणि लीड्सचे डॉ. स्कॅटरगुड यांच्या परीक्षणाने त्याला दुजोरा मिळाला. बचावपक्षाचे म्हणणे असे की, भिंतीवरच्या हिरव्या कागदाच्या रंगातला सोमल मुलाच्या श्वासातून शरीरात गेला असावा. घरात सोमल आणला होता तो ढेकूण मारण्यासाठी. हा युक्तिवाद ऐकायला वाटतो तितका हास्यास्पद नव्हता. त्या काळी रंगात, ढेकणांवरच्या औषधात, उंदीर मारण्याच्या भुकटीत सोमल सर्वत्र होता. १८५८ साली ब्रॅडफर्डमध्ये चुकून मिठाईत मिसळल्या गेलेल्या सोमलाने वीसएक माणसे मेली होती. ओकाऱ्या आणि जुलाब ही विषबाधेची लक्षणे सामान्य आजारांत सहज लपून जात आणि हजार जन्मांमागे सुमारे दीडशे अर्भके पहिल्या वर्षातच दगावत. न्यायाधीशांनी घरातल्या इतर मृत्यूंचा पुरावा ग्राह्य धरला, तेव्हाच बचावाचे पारडे हलके झाले.

ती निर्दोष होती, असे आम्हांला मुळीच म्हणायचे नाही. पुरावा एकत्र ठेवला तर तिच्या विरुद्धच झुकतो. मुद्दा निराळा आहे. संशयाकडून निश्चितीकडे जाण्याचा जो कष्टाचा मार्ग न्यायालयाने, वैद्यकाने आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी चालून पार केला, तोच या घटनेतला खरा नाट्यविषय होता. किटलीचे दृश्य दाखवताच तो संपतो. प्रेक्षकाला आता शोधायचे काही उरत नाही, फक्त पुढचा बळी कोण, याची वाट पाहायची असते.

याला आणखी एक बाजू आहे. व्हिक्टोरियन समाजाला विष घालणाऱ्या स्त्रीची धास्ती होती. १८५१ साली सोमलाच्या विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा होत असताना, सोमल केवळ प्रौढ पुरुषांनाच विकावा असे कलम त्यात सुचवले गेले होते. जॉन स्टुअर्ट मिल यांनी गृहमंत्र्यांना पत्र लिहून त्याचा निषेध केला आणि ते कलम गळाले. स्वयंपाकघर बाईच्या हाती, रुग्णाची शुश्रूषाही तिच्याच हाती. म्हणून तिच्या हातचा पेला संशयास्पद, अशी ती भीती होती. मेरी ॲनवरच्या बडबडगीतातून इंग्रज मुलांनी ही भीती पुढे चालवली. मालिकेतली किटली त्याच भीतीची वारसदार आहे. दारिद्र्याचे चित्रण कितीही सहृदय असले, तरी प्रेक्षकाच्या मनात शेवटी उरते ती स्मितहास्य करत विष ओतणारी बाईच.

यावर कोणी म्हणेल की, नाटकाला दाखवावे लागते. कागदपत्रांच्या मर्यादेत राहिलात तर रंगभूमी रिकामी राहील. आम्हांला हे मान्य नाही. रिकामी जागा हेही नाट्याचे साधनच आहे. बंद दाराआड काय घडले ते न दाखवता दाराबाहेरची माणसे दाखवणे, हे शोकांतिकेने ग्रीकांपासून केले आहे. रायलीची अस्वस्थता, ‘नैसर्गिक’ असा निष्कर्ष निघाल्यानंतर स्वतःच्या निदानाविषयी साशंक झालेला डॉक्टर, हप्त्याचे हिशेब ठेवणारा विमा एजंट, सोमल मागणाऱ्या गिऱ्हाइकाचे नाव वहीत लिहिणारा औषधविक्रेता, जिवाच्या विम्याला नकार देऊन वाचलेला तिसरा पती रॉबिन्सन, आणि जानेवारी १८७३ मध्ये तुरुंगातच मुलीला जन्म देणारी आरोपी: एवढ्या सामग्रीतून कॅमेऱ्याला घराच्या आत न शिरताही दोन भाग सहज उभे राहिले असते. मग मेरी ॲनचा तो विश्वासू चेहरा अधिक भयंकर झाला असता, कारण त्यामागे काय आहे हे आपल्यालाही ठाऊक नसते.

साहित्याच्या अभ्यासकांनी अशा मालिकांना कादंबरीचाच निकष लावायला हवा. निवेदकाला हे कसे कळले, हा प्रश्न आपण कादंबरीला विचारतो. पडद्याला तो विचारायचे आपण टाळतो, कारण डोळ्यांनी पाहिले म्हणजे घडले अशी आपली समजूत असते. जिवंत माणसांच्या इतिहासातून कथा उचलणाऱ्याने आपल्या ज्ञानाची सीमा कलाकृतीतच दाखवून दिली पाहिजे. ज्यांचा मृत्यू खरोखर घडला, त्या लहानग्या चार्ल्स एडवर्डच्या आणि त्याच्या सावत्र आईच्याही बाबतीत एवढी सचोटी पाळणे हे कलेचे ओझे ठरत नाही. तो तिच्या विश्वासार्हतेचा पाया आहे.