मुद्दल गेले, दरी राहिली

कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतरांगेत योसेमिटी नावाची खोल दरी आहे. एल कॅपिटन हा ग्रॅनाइटचा कडा तिच्या तळापासून सुमारे ३००० फूट सरळ उभा आहे. १८६१ साली छायाचित्रकार कार्लटन वॉटकिन्स खेचरांच्या पाठीवर सामान लादून या दरीत उतरले.

त्या काळी छायाचित्र मोठे करून छापण्याची सोय व्यवहारात नव्हती. जेवढी काच तेवढेच चित्र. म्हणून वॉटकिन्स यांनी १८ बाय २२ इंचांची काच मावेल असा कॅमेरा मुद्दाम घडवून घेतला. काचेवर रसायनाचा लेप द्यायचा, तो ओला असतानाच चित्र घ्यायचे आणि लगोलग काळोख्या तंबूत धुऊन काढायचे. लेप वाळला की काच वाया. अशी ३० मोठी चित्रे घेऊन ते परतले. पुढल्या वर्षी ती न्यूयॉर्कमध्ये मांडली गेली आणि दरी कधीही न पाहिलेल्यांना तिचे दर्शन घडले. सिनेटर जॉन कॉनेस यांच्या संग्रहीही ती होती. त्यांनीच मांडलेल्या विधेयकावर ३० जून १८६४ रोजी, यादवी युद्ध ऐन भरात असताना, लिंकन यांनी स्वाक्षरी केली आणि योसेमिटी सार्वजनिक उपभोगासाठी राखून ठेवली गेली.

कीर्ती आली, हिशेब मात्र जुळला नाही. १८७१ साली सॅन फ्रान्सिस्कोत वॉटकिन्स यांनी थाटाचे चित्रदालन उघडले. मागोमाग मंदी आली आणि धनकोने दालन काचांसकट ताब्यात घेतले. छायाचित्रकाराची निगेटिव्ह म्हणजे मुद्दल, छापलेल्या प्रती हे तिचे व्याज. चलाख व्यापारीही भांडवल आणि तारण यांतला हा फरक उत्साहाच्या भरात विसरतो. वॉटकिन्स तर मुळात व्यापारी नव्हतेच. त्याच काचांच्या प्रती पुढे आयझाया टेबर यांच्या नावाने विकल्या जाऊ लागल्या. कडा तोच, प्रकाश तोच, नाव निराळे.

पंचेचाळिशी उलटलेले वॉटकिन्स पुन्हा कॅमेरा घेऊन त्याच दरीत गेले. तीच स्थळे नव्याने टिपून त्यांनी त्या संचाला ‘नवी मालिका’ असे नाव दिले. पुढे दृष्टी अधू झाली. १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत उरलेला संग्रहही जळाला. १९१६ साली मनोरुग्णालयात त्यांचे निधन झाले.

योसेमिटीतील मिरर लेक या तळ्यात एका शिखराचे प्रतिबिंब पडते. त्याला माउंट वॉटकिन्स म्हणतात. चित्रदालन हातचे गेले, तेव्हाही ते नाव नकाशावर होते.