एक नोंद तुमचीही : रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षणासाठी जाहीर आवाहन



पाऊस परतीला लागला की आपल्याकडचं आकाश चार महिन्यांनी उघडतं. दसऱ्यापासून होळीपर्यंत मिळतात तशा ओळीने स्वच्छ रात्री युरोपातल्या अनेक निरीक्षकांच्या वाट्याला येत नाहीत. या मोसमात तुम्ही आमच्यात यावं, म्हणून हे आवाहन. आम्ही म्हणजे रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी ठेवणारी हौशी मंडळी. आमच्यात कोणी बँकेतून निवृत्त झालेले आहेत, कोणी शाळेत शिकवतात, कोणी अजून बारावीत आहेत. ठराविक ताऱ्यांकडे पुन्हा पुन्हा बघायचं, आज त्याचं तेज किती आहे ते ठरवायचं आणि तारीख-वेळेसह लिहून ठेवायचं, एवढाच आमचा उद्योग.

ज्यांचं तेज कमी-जास्त होतं ते रूपविकारी तारे. काही तारे फुगतात आणि आकसतात. काहींच्या पुढून त्यांचाच जोडीदार तारा जातो आणि ग्रहण लागतं. काही वर्षानुवर्षं मंद राहून एका रात्रीत भडकतात. ययाती तारकासमूहातला अल्गॉल दर दोन दिवस, वीस तास आणि ४९ मिनिटांनी झाकोळतो. त्याची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, २.१ वरून ३.४ वर उतरते आणि दहाएक तासांत सगळा खेळ आटोपून तो पूर्ववत होतो. हे सारं साध्या डोळ्यांना दिसतं. या ग्रहणाची नियमितता १७८३ मध्ये जगापुढे मांडली ती यॉर्कच्या जॉन गुडरिकने. तेव्हा तो विशीतही नव्हता आणि त्याला ऐकू येत नव्हतं. पुढच्याच वर्षी त्याने वृषपर्वा तारकासमूहातल्या डेल्टा ताऱ्याचं कमी-जास्त होणं टिपलं. त्या जातीच्या ताऱ्यांवरून पुढे दीर्घिकांची अंतरं मोजता आली. त्याच्याजवळ मुख्य साधन होतं ते रोज बघण्याची चिकाटी.

आज अडचण अशी आहे की आकाश बघायला माणसं येतात, पण टिकत नाहीत. वांगणी-नेरळकडच्या आकाशदर्शनाला माणसं हौसेने येतात. शनीची कडी, गुरूचे चंद्र, कृत्तिकांचा पुंजका बघतात, मुलांना उचलून दुर्बिणीला डोळा लावायला देतात. मग पुढच्या वर्षी पुन्हा तेच बघायला यायचं किंवा यायचंच नाही, एवढे दोनच रस्ते त्यांच्यापुढे उरतात. यात त्यांचा दोष नाही. आपण त्यांना बघायला देतो, करायला काही देत नाही. ज्याला करायला काहीतरी मिळतं तो माणूस दुसऱ्या रात्रीही येतो, हे आम्ही आमच्यातल्या प्रत्येकाच्या बाबतीत पाहिलं आहे.

म्हणून आधी हे काम कसं चालतं ते सांगतो.

मृग नक्षत्रातला तांबूस तारा काक्षी, म्हणजे बीटलज्यूस, बहुतेकांना ओळखता येतो. जानेवारीच्या मध्याला रात्री दहाच्या सुमारास तो दक्षिणेला उंच असतो. त्याच्या पश्चिमेला रोहिणी, तिची प्रत ०.९. पूर्वेला प्रश्वा, त्याची प्रत ०.४. या मोजपट्टीत आकडा जितका मोठा तितका तारा मंद. आता काक्षीकडे बघा, लगेच रोहिणीकडे बघा, पुन्हा काक्षीकडे. तो रोहिणीपेक्षा उजळ वाटतो का? मग प्रश्वाशी ताडून बघा. प्रश्वापेक्षा थोडा मंद, पण रोहिणीपेक्षा बराच उजळ वाटला, तर ०.५ किंवा ०.६ लिहा. झाली तुमची नोंद. एक पथ्य मात्र पाळायचं : तांबड्या ताऱ्याकडे टक लावून बघत राहायचं नाही. डोळा लाल प्रकाश साठवत जातो आणि तारा आहे त्याहून उजळ भासतो. झटकन नजर टाकायची आणि काढून घ्यायची. दुसरं असं की तुलनेचे तारे साधारण सारख्या उंचीवर असावेत. क्षितिजाजवळची हवा ताऱ्याचं तेज खाते, त्यामुळे डिसेंबरात संध्याकाळी काक्षी नुकताच उगवलेला असताना वर चढलेल्या रोहिणीशी त्याची तुलना केली तर काक्षीवर अन्याय होतो. जानेवारीतली दहाची वेळ सांगितली ती यासाठीच.

हाच काक्षी २०१९च्या अखेरीस उतरू लागला. फेब्रुवारी २०२० मध्ये तो १.६ प्रतीपर्यंत खाली आला, म्हणजे मृगाच्या दुसऱ्या खांद्यावरच्या ताऱ्याच्या बरोबरीला. मुंबईच्या गॅलरीतूनही मृगाची आकृती ओळखीची वाटेना. आता स्फोट होणार, अशा बातम्या आल्या. पुढे उलगडा झाला की ताऱ्याने वायू बाहेर टाकला होता आणि त्यातून तयार झालेल्या धुळीने त्याच्या चेहऱ्याचा एक भाग आपल्यापुरता झाकला होता. पण ही घसरण नेहमीची नाही, हे इतक्या ठामपणे म्हणता आलं कशामुळे? आधीची कित्येक दशकं कोणी ना कोणी आपापल्या अंगणातून आकडे लिहीत आलं होतं म्हणून.

आता नवे लोक एक प्रश्न हमखास विचारतात, आणि तो रास्त आहे. इतक्या स्वयंचलित दुर्बिणी रोज सगळं आकाश टिपत असताना आमच्या डोळ्यांची गरज काय? गरज आहे, कारण त्या दुर्बिणी मंद ताऱ्यांसाठी बनवलेल्या आहेत. साध्या डोळ्यांना दिसणारे ठळक तारे त्यांना झेपत नाहीत, कॅमेऱ्याची चिप त्यांच्या उजेडाने भरून जाते आणि मोजमाप निकामी होतं. काक्षी, अल्गॉल, तिमिंगल समूहातला सुमारे ३३२ दिवसांत एक फेरा पुरा करणारा मायरा ऐन भरात असताना, हे तारे आजही मोठ्या प्रमाणात माणसांच्या भरवशावर आहेत. शिवाय शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदी डोळ्यांनीच घेतलेल्या आहेत. त्यांच्याशी आजचं जुळवायचं तर त्याच पद्धतीच्या नोंदी चालू राहिल्या पाहिजेत.

आणखी एक गरज भूगोलाची. अमेरिकेत दिवस असतो तेव्हा इथे रात्र असते. अल्गॉलचं एखादं ग्रहण नेमकं आपल्या मध्यरात्री येतं. ते टिपायला आशियातच कोणीतरी जागं असावं लागतं. आपण विषुववृत्तापासून फार दूर नसल्याने उत्तरेचे आणि दक्षिणेचेही बहुतेक तारे आपल्याला दिसतात. जून ते सप्टेंबर मात्र आपल्या नोंदवह्या कोऱ्या राहतात. म्हणून न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, दुबई, ऑकलंड अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी मंडळींना ही खास विनंती आहे : इथे ढग असतील तेव्हा तुम्ही बघा, तिथे बर्फ पडत असेल तेव्हा आम्ही बघू.

या कामात आपल्या उपखंडाची एक वाट आधीच पडलेली आहे. जेसोरचे राधागोविंद चंद्र सरकारी खजिन्यात नाणी पारखण्याची नोकरी करत. विद्यापीठाची प्रवेश परीक्षा त्यांना पास करता आली नव्हती. हॅलेचा धूमकेतू १९१० मध्ये आला तेव्हा त्यांनी तो साध्या द्विनेत्रीने पाहिला, मग पदरमोड करून तीन इंची दुर्बीण इंग्लंडहून मागवली. १९१८ मध्ये गरुड समूहात नवतारा उजळला तेव्हा त्यांनीही तो पाहिला. पुढे अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स या १९११ साली स्थापन झालेल्या संस्थेला ते नियमित नोंदी पाठवू लागले. संस्थेने त्यांचं काम बघून त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला पाठवली. तीस-पस्तीस वर्षांत त्यांनी ३७ हजारांहून अधिक नोंदी केल्या. नोकरी, संसार आणि पुढे फाळणीची वाताहत, हे सगळं सांभाळून. आज त्या संस्थेच्या संग्रहात पाच कोटींहून अधिक नोंदी आहेत आणि चंद्र यांच्या नोंदीही त्यात आहेत. दिवसभर नाणी पारखणाऱ्या माणसाला ताऱ्याच्या तेजातला बारीक फरक कळावा, याचं आम्हाला नेहमी अप्रूप वाटतं.

महाराष्ट्रात आकाशप्रेमींची परंपराही जुनी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे. मुंबई-ठाण्यापासून नागपुरापर्यंत अनेक गावांत खगोलप्रेमींची मंडळं आहेत. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला, तो मान भारतात पहिला आपल्याला मिळाला. आकाश आहे, माणसं आहेत. या दोन्हींच्या मानाने नोंदी फार थोड्या आहेत, ही आमची खंत आहे.

नव्याने येणाऱ्यांच्या मनात सगळ्यात मोठी भीती असते ती चुकण्याची. माझा आकडा इतरांपेक्षा वेगळा आला तर? येऊ द्या. अनुभवी निरीक्षकांच्या अंदाजांतही दोन-तीन दशांशांचा फरक पडतो. कोणाचा डोळा लाल रंगाला जास्त दाद देतो, वयाप्रमाणे डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, कोणी शहरातून बघतं तर कोणी माळरानावरून. पुष्कळ जणांच्या नोंदी एकत्र आल्या की हे फरक एकमेकांना सांभाळून घेतात आणि ताऱ्याची खरी रेघ उमटते. म्हणूनच आम्हाला एक निष्णात माणूस पुरत नाही, पुष्कळ प्रामाणिक माणसं लागतात. प्रामाणिक म्हणजे इतरांनी आज काय लिहिलं ते आधी न बघता आपल्याला दिसलं तेच लिहिणारी. तारा दिसलाच नाही तर तेही लिहायचं : ‘अमुक प्रतीचा तारा दिसत होता, हा दिसला नाही.’ उत्तर मुकुटातला एक तारा एरवी सहाव्या प्रतीचा असतो आणि अधूनमधून काजळी धरल्यासारखा कित्येक प्रती खाली जातो. त्याच्या बाबतीत ‘दिसला नाही’ ही नोंद सोन्याच्या मोलाची ठरते.

आता दोन शब्द आमच्याच जुन्या मंडळींना. नवा मुलगा ‘कोणती दुर्बीण घेऊ?’ असं विचारतो तेव्हा त्याला दहा जणांनी दहा दुर्बिणी सांगू नयेत. ‘हे आधी विचारून झालं आहे’ असं तर कोणीच म्हणू नये. त्याच्यासाठी तो प्रश्न आजच जन्मलेला असतो. त्याला म्हणावं, सध्या काहीही घेऊ नकोस, उद्या रात्री गच्चीवर ये. आकाशाच्या छायाचित्रांचं भरभरून कौतुक होतं, व्हावंच. पण एखाद्या मुलीने वहीत पहिल्यांदा ‘अल्गॉल, २.९’ असं लिहून आणलं तर त्याचंही तितक्याच मोकळेपणाने कौतुक करा. मुली आणि स्त्रियांना रात्री माळरानावर जाणं घरून सहज जमत नाही. त्यांच्यासाठी गच्चीवरून दिसणाऱ्या ताऱ्यांची यादी आधी हाती द्या. दमलेल्या पायांच्या ज्येष्ठांसाठीही तीच यादी उपयोगी पडेल.

सुरुवातीला लागतं ते सगळं घरात आहे. एक वही, पेन्सिल, लाल जिलेटिन कागद लावलेली बॅटरी आणि वेळ बिनचूक दाखवणारा मोबाइल. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ मोबाइलचा पडदा बघायचा नाही. वेळ लिहून घेतल्यावर त्यातून साडेपाच तास वजा करायचे, की जागतिक वेळ मिळते. अमेरिकन संस्थेच्या संकेतस्थळावर हव्या त्या ताऱ्याचा नकाशा फुकट काढता येतो. त्यावर तुलनेच्या ताऱ्यांच्या प्रती दशांशचिन्हाशिवाय छापतात, म्हणजे ४२ याचा अर्थ ४.२. दशांशाचा टिंब ताऱ्याचा ठिपका वाटू नये म्हणून ही सोय. नोंदी पाठवण्यासाठी निरीक्षकाला एक छोटा संकेत मिळतो, तोही विनामूल्य.

जवळच्या खगोल मंडळात विचारा, रूपविकारी ताऱ्यांचं निरीक्षण कोण करतं. कोणी करत नसेल तर तुम्हीच सुरू करा आणि आणखी दोघांना बोलवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी उत्तरेला वृषपर्वातला डेल्टा तारा बघा. त्याच्या शेजारी झीटा ३.४ प्रतीचा आणि एप्सिलॉन ४.२ प्रतीचा, असे दोन तारे आहेत. तो कोणाच्या जवळ जातो ते ओळीने सात रात्री लिहा. साडेपाच दिवसांच्या आत त्याचा एक फेरा पुरा होतो, म्हणजे सातव्या रात्री तुमच्या वहीत अख्खा फेरा असेल. ती वही घेऊन या.

आपले,
रूपविकारी ताऱ्यांचे काही हौशी निरीक्षक