पानं गाळू नका



मी हुडकेश्वरचा. माझा आजोबा महार म्हणून जन्मला, ख्रिस्ती म्हणून मेला. मी रोज पहाटे बायबलचा एक अध्याय वाचतो, प्रार्थना करतो नि कामावर जातो. हे कळलं की तुमच्यातला एखादा हमखास विचारतो, "काहून बे, पावासाठीच बाटला होता ना तुहा बुडा?" दुसरा म्हणतो, धर्म म्हणजे अफू. हसून घ्या. हसून झालं की ऐका.

मी हे पुस्तक ओळीनं वाचतो. एकही पान न गाळता. ओळीनं वाचणाऱ्याला अफू चढत नाही, त्याची झोप उडते. निर्गम उघडा. मिसरात वेठबिगार विटा पाडतायत. फारो विटांसाठी लागणारं गवत बंद करतो नि विटांचा आकडा तेवढाच ठेवतो. वीटभट्टीवरच्या माणसाला हे समजवायला पाळक लागत नाही. आमोस उघडा. जनावरं राखणारा, उंबराची झाडं सांभाळणारा हा माणूस. तो ठणकावून सांगतो, देवाला तुमचे सण नि गाणी नकोत, न्याय पाहिजे. याकोबाचं पत्र उघडा. सोन्याची अंगठीवाला सभेत आला की त्याला मानाची जागा, फाटक्या कपड्यातल्याला म्हणे खाली बस. सांगा, ही आपल्या गावची चावडी नव्हे तर काय?

आता माझ्या घरच्यांना बोलतो. आमच्या व्यासपीठावरून ही पानं वाचतात नि लगेच धुऊन टाकतात. मिसर म्हणजे पाप, फारो म्हणजे सैतान, गुलामी मनाची. मग विटा कुठं गेल्या? विचारलं तर पाळकसाहेब म्हणाले, "भाऊ, प्रार्थनेत राजकारण आणू नका." आठवड्याला बायबल अभ्यास, महिन्याला उपास-प्रार्थना, आणि सोयरीक जुळवताना हळूच जातीची चौकशी!

बाबासाहेबांनी हे कधीच ओळखलं होतं. धर्मांतरिताच्या स्थितीवरचा त्यांचा लेख महाराष्ट्र सरकारनं १९८९ साली इंग्रजी खंड ५ मध्ये छापला. ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध लढला नाही, हा त्यांचा ठपका. तो लेख मी बायबलशेजारीच ठेवतो. त्यानं माझी श्रद्धा कमी झाली नाही. उलट तिला कणा आला.

पंडिता रमाबाई हिब्रू नि ग्रीक शिकल्या, बायबल साध्या मराठीत आणलं. कशासाठी? साध्या बाईलाही आपलं आपण वाचता यावं म्हणून. त्या १९२२ साली गेल्या, पुस्तक १९२४ साली निघालं. छापलं केडगावच्या मुक्ती मिशनातल्या बायांनी. ज्यांना समाजानं टाकलं, त्यांच्या हातांनी. मग आपण ते दुसऱ्यानं गाळून दिलेलं का वाचायचं?

प्रार्थनेचंही तेच. येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेत "मला" हा शब्द नाही. भाकर मागायची ती आम्हा सगळ्यांची. ती म्हणून उठलेला माणूस शेजारच्या थंड चुलीवरून गुमान निघून गेला, तर त्यानं फक्त तोंड हलवलं. प्रार्थना केली नाही.

आमच्या प्रार्थनेत पोराच्या नोकरीचं मागणं असतं. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाचं नसतं. त्यातला तिसरा परिच्छेद तेव्हा म्हणत होता, हिंदू नसेल तो अनुसूचित जातीचा नाही. १९५६ साली शीख आत आले, १९९० साली बौद्ध. ख्रिस्ती दलित बाहेरच. दाखल्याच्या खिडकीवर मला ऐकवलं, "धर्म बदलला, जात गेली." बाप्पा! ती गेल्याचं गावाला कोणी सांगितलंच नाही. तुम्हाला तरी हे वेगळं सांगायला नको. दीक्षाभूमीवर दीक्षा झाली १९५६ साली, केंद्राच्या यादीत नाव लागलं ३४ वर्षांनी. ज्यानं हे भोगलं, त्यानं मला बाटगा म्हणावं?

आणि दोस्तहो, पानं तुमच्याकडंही गळतात. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' १९५७ साली आला. कितीक घरी तो कापडात गुंडाळलेला असतो, वर हार. वंदना पाठ, बावीस प्रतिज्ञा पाठ, पुस्तक बंद. ज्यानं प्रश्न विचारायला शिकवलं, त्याच्याच ग्रंथाला आपण मुकं करून ठेवलं. जे रोज वाचत नाहीत, त्यांच्या वतीनं मग दुसराच कोणी बोलतो. आमच्याकडं पाळक, तुमच्याकडं पुढारी.

म्हणून माझं आव्हान आहे. या हुडकेश्वरला. दर रविवारी संध्याकाळी बसू. तुम्ही तुमचं पुस्तक आणा, मी माझं आणतो. आळीपाळीनं मोठ्यानं वाचू. माझ्या पानावर प्रश्न तुम्ही विचारा, तुमच्या पानावर मी विचारतो. आणि कोणी पान गाळलं, तर दुसऱ्यानं तिथंच हात धरायचा.